'४० टक्क्यांपर्यंत चालतं' : एका निष्कर्षाची उलटतपासणी

स्कूबा डायव्हिंगशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा, 'नायट्रॉक्स वापरायचं तर साधनं वेगळी लागतात का हो?' दहापैकी नऊ जण एकच उत्तर देतील : '४० टक्क्यांपर्यंत काही वेगळं लागत नाही. त्याच्या वर गेलात तर ऑक्सिजनसाठी साफ केलेली साधनं लागतात.' उत्तर सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि बहुतेक प्रशिक्षणांमध्ये याच रूपात शिकवलं जातं.

आज या वाक्याचं परीक्षण करायचं आहे. माझ्या प्रबंधाचा विषय सुरक्षिततेच्या मानकांमधले आकडे कुठून येतात हा आहे, आणि या कामात भेटलेल्या आकड्यांपैकी हा ४० मला सर्वांत बोधक वाटतो. तुमच्यापैकी काही जण सागरी जीवशास्त्राकडे जाणार असतील, कदाचित पाठीवर टाकी लावून प्रवाळ मोजायला उतरतील. त्यांना हे थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी एक प्रश्न मनात ठेवून वाचा : एखाद्या अहवालातला निष्कर्ष आपण आपल्या प्रबंधात आणतो, तेव्हा वाटेत त्याचं काय काय गळून पडतं?

आधी गॅस समजून घेऊ

साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. सर्वाधिक चालणारी दोन मिश्रणं ३२ आणि ३६ टक्क्यांची. ऑक्सिजन वाढवायचा कशासाठी? तर नायट्रोजन कमी व्हावा म्हणून. पाण्याखाली दाब वाढला की नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि वर येताना तो नीट बाहेर पडला नाही तर डिकंप्रेशनचा आजार होतो.

हिशोब करून बघा. ३० मीटरवर एकूण दाब सुमारे ४ बार. ३२ टक्क्यांच्या मिश्रणात नायट्रोजन ६८ टक्के. ४ ला ०.६८ ने गुणा आणि हवेतल्या ०.७९ ने भागा. येतात सुमारे ३.४४ बार, म्हणजे साधारण २४ मीटर. नायट्रोजनच्या दृष्टीनं तुम्ही ३० मीटरवर असूनही २४ वर आहात. निरीक्षणाला जास्त वेळ मिळतो. संशोधकाला हाच फायदा हवा असतो.

किंमत दुसऱ्या बाजूला मोजावी लागते. ऑक्सिजनचा आंशिक दाब फार वाढला तर पाण्याखाली झटके येऊ शकतात. म्हणून १.४ बारची मर्यादा पाळतात आणि १.६ ही टोकाची सीमा मानतात. १.४ धरलं तर ३२ टक्क्यांच्या टाकीची खोली सुमारे ३३ मीटरवर संपते आणि ३६ टक्क्यांची २८ वर. त्यामुळे टाकीत नेमके किती टक्के आहेत हे कळल्याशिवाय तोंडात रेग्युलेटर घ्यायचा नाही.

हा शरीराचा धोका झाला. आपलं वाक्य बोलतं ते आगीच्या धोक्याबद्दल. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण इतर वस्तू जळायला जोराची मदत करतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनच्या मीटरवर 'तेल वापरू नका' असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते याचसाठी. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब, ग्रीस, धूळ, रबराचा तुकडा, अगदी धातूचा बारीक कीससुद्धा पेट घेऊ शकतो.

निष्कर्ष नेमका काय म्हणतो?

नायट्रॉक्स मुळात शास्त्रज्ञांचं साधन. अमेरिकेच्या नोआ या सागरी आणि वातावरणीय संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी १९७० च्या दशकात ते वापरात आणलं आणि १९७९ च्या नोआ डायव्हिंग मॅन्युअलमध्ये त्याच्या पद्धती आल्या. नोआतूनच बाहेर पडलेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये हौशी डायव्हरांना ते शिकवायला सुरुवात केली, आणि मोठा वाद पेटला. १९९१ मध्ये तर अमेरिकेतल्या डायव्हिंग उद्योगाच्या मोठ्या प्रदर्शनातून नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना बाहेर ठेवण्याचा निर्णय झाला होता. मग वारं फिरलं, आणि १९९६ मध्ये पॅडीसारख्या बलाढ्य प्रशिक्षण संस्थेनंही अभ्यासक्रम सुरू केला.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २००० मध्ये डायव्हर्स अलर्ट नेटवर्कनं, म्हणजे डॅननं, एक कार्यशाळा भरवली. मायकल लँग यांनी संपादित केलेलं तिचं इतिवृत्त पुढच्या वर्षी आलं. प्रशिक्षण संस्था, संशोधक, उत्पादक एकत्र बसले आणि शेवटी मोजके निष्कर्ष नोंदवले गेले. त्यातला साधनांबद्दलचा निष्कर्ष दोन वाक्यांचा आहे. माझ्या शब्दांत त्याचा आशय असा : नेहमीच्या स्कूबा साधनांसोबत ४० टक्क्यांपर्यंतचं नायट्रॉक्स वापरताना आगीचा अवाजवी धोका असतो असं दाखवणारा पुरावा, आजवरच्या वापराच्या आधारे, कार्यशाळेत मांडला गेला नाही. धोका किती हे विशिष्ट साधन-रचनेवर अवलंबून आहे आणि वापरणाऱ्यानं उत्पादकाच्या शिफारशीवर विसंबावं.

आता हा आशय आणि सुरुवातीचं 'काही वेगळं लागत नाही' शेजारी ठेवा. किती गोष्टी गळाल्या ते मोजा. 'मांडला गेला नाही' गेलं. 'आजवरच्या वापराच्या आधारे' गेलं. 'अवाजवी' गेलं. 'वापरताना' गेलं. दुसरं वाक्य तर सगळंच गेलं.

कार्यशाळेवर टीका करण्याआधी हे मान्य करू या की मूळ मजकूर लिहिणाऱ्यांनी शब्द जपून वापरले आहेत. त्यांनी 'सुरक्षित आहे' असं म्हटलेलं नाही. दोष आहे तो पुढे आपण सगळ्यांनी ते कसं वाचलं त्यात. पण मूळ निष्कर्षातही काही कच्चे दुवे आहेत, आणि ते संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी ओळखायलाच हवेत.

पहिला दुवा : 'पुरावा मांडला गेला नाही'

पुरावा नसणं आणि धोका नसणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे तुम्ही संशोधन-पद्धतीच्या पहिल्या तासाला ऐकलं असेल. इथे ते प्रत्यक्ष आकड्यांत बघू.

संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा ठोकताळा आहे. एखादी घटना 'क' वेळा संधी मिळूनही एकदाही घडली नसेल, तर ९५ टक्के विश्वासानं एवढंच म्हणता येतं की तिचं प्रमाण ३ भागिले 'क' पेक्षा जास्त नसावं. समजा, कुणी म्हणालं, 'आम्ही १०,००० टाक्या भरल्या, एकदाही आग लागली नाही.' ऐकायला भक्कम. पण तीनच्या नियमानं खरं प्रमाण साधारण ३,३३३ त एक इतकं असणंही या अनुभवाशी विसंगत नाही. दिवसाला २० टाक्या आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६,००० टाक्या भरणाऱ्या दुकानात हे प्रमाण वर्षाला जवळजवळ दोन आगींचं झालं! हेच १० लाख टाक्यांच्या अनुभवावर म्हटलं तर त्याच दुकानात आगीची शक्यता पन्नासेक वर्षांत एकदा एवढी खाली येते. (हे आकडे नियम समजावा म्हणून घेतलेत, कुठल्या दुकानाचे नाहीत.) म्हणजे 'एकदाही नाही' याला स्वतःचं वजन नसतं. किती संधींमधून एकदाही नाही, यावर सगळं अवलंबून.

आणि भाजक मिळाला तरी प्रश्न संपत नाही. अंशही विश्वासार्ह हवा. टाकी भरताना व्हॉल्व्हमध्ये भुर्रकन काहीतरी जळालं, ओ-रिंग काळी पडली, कुणाला इजा झाली नाही, तर दुकानदार ते कुणाला कळवेल? कळवायची जागा तरी कुठे आहे? डायव्हरांच्या अपघातांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्था आहेत. कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या छोट्या भडक्यांची तशी व्यवस्थित मोजदाद होत नाही.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. १९९० च्या दशकात काही जण सांगत होते की हवेपेक्षा जरा जरी जास्त ऑक्सिजन असला तरी सगळं साफ करून घ्या. काही जण ४० चा आकडा सांगत होते. जे पहिलं ऐकत होते त्यांच्या साफ केलेल्या टाक्याही 'आग लागली नाही' या इतिहासात जमा झाल्या. मग आगी लागल्या नाहीत त्या साफसफाईची गरज नव्हती म्हणून, की साफसफाई केली होती म्हणून? वापराच्या सरसकट इतिहासातून याचं उत्तर निघत नाही. खबरदारी घेतलेल्यांचा अनुभव खबरदारी नको असं ठरवायला वापरला जाण्याची ही शक्यता आहे. लसीकरण, हेल्मेट, पुलांची तपासणी, कुठल्याही प्रतिबंधाच्या अभ्यासात हा सापळा तुम्हाला भेटेल.

दुसरा दुवा : कशाला काय लागतं?

निष्कर्ष ४० टक्क्यांपर्यंतचं नायट्रॉक्स 'वापरण्या'बद्दल आहे. टाकी 'भरण्या'बद्दल लोक तो सर्रास लावतात. इथे चूक होते, आणि ती जिवावर बेतू शकते.

टाकी भरायच्या मुख्य पद्धती समजून घ्या. एका पद्धतीत हवा पडद्यातून नेऊन तिच्यातला काही नायट्रोजन बाजूला काढतात आणि उरलेलं ऑक्सिजनयुक्त मिश्रण कॉम्प्रेसरमध्ये देतात. दुसरीत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, साध्या दाबाला, हवेत ऑक्सिजन मिसळत राहतात. तिसरीत आधीच तयार करून मोठ्या सिलिंडरांत साठवलेलं मिश्रण टाकीत सोडतात. या तिन्हींत तुमच्या टाकीला तयार मिश्रणच लागतं. शुद्ध ऑक्सिजन लागत नाही.

चौथी पद्धत आंशिक दाबाची. हिला यंत्रसामग्री कमी लागते, म्हणून छोट्या ठिकाणी ती सोयीची. आधी टाकीत शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, मग वरून हवा भरायची. रिकाम्या टाकीत २०० बारला ३२ टक्के हवे असतील तर ऑक्सिजन किती? ३२ मधून २१ वजा केले, उरले ११. त्याला ७९ ने भागून २०० ने गुणलं की सुमारे २८ बार. उरलेले १७२ बार हवा. पडताळा घ्या : १७२ चे २१ टक्के म्हणजे ३६, अधिक २८, झाले ६४. २०० पैकी ६४, म्हणजे ३२ टक्के. बरोबर.

आता बघा, शेवटी टाकीवर चिठ्ठी लागली ३२ ची. पण भरताना त्याच टाकीच्या भिंतीला, व्हॉल्व्हला, ओ-रिंगला, भरायच्या नळीला १०० टक्के ऑक्सिजन लागला, तोही दाबाखाली. ४० टक्क्यांचा नियम इथे मुळातच लागू होत नाही. टाकी आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी साफ केलेलेच हवेत, मग अंतिम मिश्रण २५ टक्के असलं तरी.

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेचा, म्हणजे ओशाचा, व्यावसायिक डायव्हिंगचा १९७७ चा नियम इथे फार नेमका आहे. ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनच्या संपर्कात येणारे भाग ज्वलनशील पदार्थांपासून मुक्त करा, असा त्याचा रोख आहे. कसोटी आहे संपर्काची. टाकीवरच्या चिठ्ठीची नव्हे. '४० टक्के' या आकड्याला आधार म्हणून हाच नियम अनेकदा पुढे केला जातो, पण 'संपर्क' हा शब्द मागे राहतो.

तिसरा दुवा : ४० च का?

हा आकडा निसर्गाचा नियम असता तर सगळीकडे तोच दिसला असता. तसं नाही. त्याच ओशाच्या बंदिस्त जागांच्या नियमात २३.५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असलेली हवा धोकादायक ठरते. एकाच संस्थेची एकीकडे २३.५ ची रेषा आणि दुसरीकडे ४० ची. युरोपात आणखी वेगळं : तिथल्या मानकांनुसार २२ टक्क्यांच्या वरच्या मिश्रणाच्या टाकीला निराळ्या आट्यांचा, एम २६ मापाचा, व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे हवेचा रेग्युलेटर चुकून नायट्रॉक्सच्या टाकीला बसूच नये.

मग कुणीतरी चूक आहे का? घाई करू नका. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बंदिस्त जागेत माणूस असतो, कपडे, केस, चिंध्या असतात, आणि ठिणगी पडली तर पळायला वाट नसते. डायव्हिंगच्या नियमात गॅस धातूच्या आत कोंडलेला आहे. युरोपच्या मानकाला गल्लत टाळायची आहे. आकड्यांची तुलना करण्याआधी ते कोणत्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहेत ते लिहून काढा. साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहिताना ही सवय तुमचे कित्येक दिवस वाचवेल.

तरीही एक आक्षेप उरतोच. ४० या आकड्यात दाब कुठे आहे? २०० बारच्या टाकीत ४० टक्के म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब ८० बार. पेट घेण्याचा धोका टक्केवारी, दाब, तापमान, मळ आणि साहित्य या सगळ्यांवर ठरतो. व्हॉल्व्ह झटकन उघडला तर पुढच्या कोंडलेल्या जागेतला गॅस एकदम दाबला जातो आणि तापतो. उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धरून गणित केलं, तर १ बारवरून २०० बारला गेलेला गॅस कागदावर १,००० अंश सेल्सिअसच्या वर पोहोचतो. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, म्हणून रोज स्फोट होत नाहीत. पण व्हॉल्व्ह हळू उघडायचा, टाकी सावकाश भरायची हा आग्रह इथून येतो. नुसता टक्क्यांचा नियम पाठ असलेल्या माणसाला 'हळू' का म्हणतात ते कधी कळत नाही. आकडा पाठ झाला की कारण विसरलं जातं, ही अशा नियमांची मोठी उणीव.

गळालेलं दुसरं वाक्य

'उत्पादकाच्या शिफारशीवर विसंबा' हे वाक्य वरवर पाहता जबाबदारी झटकणारं वाटतं. मला ते निष्कर्षातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं, कारण ते तुम्हाला ठरावीक साधनाकडे परत पाठवतं. तुमच्या रेग्युलेटरची पुस्तिका उघडा. तिथे काय लिहिलंय? रेग्युलेटर एका देशात घेतला आणि दुसऱ्या देशात वापरला तर ते लागू आहे का? सर्व्हिसिंगला दिला तेव्हा आत कुठलं ग्रीस लावलं?

इथे तीन शब्दांची गल्लत होते, ती सोडवून घेऊ. 'ऑक्सिजनसाठी साफ' म्हणजे आतला तेल-मळ काढलेला. 'ऑक्सिजनला चालणारं' म्हणजे साहित्यच असं की सहजी पेटणार नाही : नेहमीच्या नायट्राइल रबराऐवजी व्हायटॉनसारखी ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीसऐवजी ऑक्सिजनसाठीचं खास वंगण. 'ऑक्सिजनसेवेसाठी योग्य' म्हणजे या दोन्ही गोष्टी, शिवाय रचनाही योग्य. साफ केलेल्या व्हॉल्व्हमध्ये चुकीचं ग्रीस लावलं तर पहिली अट पाळली आणि दुसरी मोडली.

आणि साफपणा टिकत नाही. ऑक्सिजनसाठी साफ केलेली टाकी एकदा तेलकट हवेनं भरली की ती साफ राहिली नाही, स्टिकर काहीही सांगो. अमेरिकेतल्या श्वसनयोग्य हवेच्या नेहमीच्या 'ई' श्रेणीत घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेसाठी मर्यादा ०.१ मिलिग्रॅम. पन्नास पटींचा फरक! फुप्फुसांना चालणारी हवा त्या टाकीला चालतेच असं नाही. वर्षातून एकदा लावलेला स्टिकर मधल्या प्रत्येक भरण्याची हमी देत नाही.

कुणाचा धोका?

आता माझा शेवटचा आणि खरा आक्षेप. नायट्रॉक्सबद्दलच्या चर्चेत मध्यभागी कोण असतो? डायव्हर. त्याचे झटके, त्याचा नायट्रोजन, त्याचं प्रमाणपत्र. आग मात्र बहुधा पाण्याखाली लागत नाही. दाब वाढतो तो भरताना, व्हॉल्व्ह उघडतात ते भरताना, शुद्ध ऑक्सिजन असतो तो भरताना. त्या वेळी टाकीजवळ उभा असतो तो भरणारा माणूस. किनाऱ्यावरच्या दुकानात बहुतेकदा तोच सगळ्यांत कमी पगाराचा. 'नेहमीची साधनं चालतात' या वाक्याचा फायदा टाकी घेऊन जाणाऱ्याला होतो, आणि ते वाक्य चुकलं तर भाजतो दुसराच. 'अवाजवी धोका नाही' असं वाचलं की आपण विचारायला हवं : वाजवी कुणी ठरवलं, आणि ज्याच्या अंगावर येणार तो त्या खोलीत होता का?

कार्यशाळेच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. तिच्याच दुसऱ्या एका निष्कर्षात गॅसचं विश्लेषण भरणाऱ्यानं किंवा देणाऱ्यानं करावं आणि वापरणाऱ्यानं ते पडताळावं असं सांगितलं आहे. इथे जबाबदारी दोघांवर, आणि दोघांनाही आकडा स्वतः बघायचा आहे. हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला, कारण तो कृती सांगतो. चांगल्या शिफारशीचा हा नमुना म्हणून लक्षात ठेवा.

तर टाकी भरायला जाताना

आपल्याकडे तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पर्यटकांसाठी होणारे डाइव्ह उथळ असतात, तिथे साधी हवा पुरते. पण आंग्रिया बँकसारख्या ठिकाणी, जिथे सर्वांत उथळ भागच सुमारे २० मीटरवर आहे, तळाशी जास्त वेळ काम करायचं म्हटलं की नायट्रॉक्सचा विचार येणारच. गॅस सिलिंडरांचे आपल्याकडचे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, हेही माहीत असू द्या. टाकीची ठरावीक काळानं होणारी दाब-चाचणी हा कायद्याचा भाग आहे, दुकानदाराची मेहेरबानी नाही.

भरायला टाकी देताना हे विचारा. तुम्ही कुठल्या पद्धतीनं भरता? टाकीत शुद्ध ऑक्सिजन सोडणार असाल तर ही टाकी आणि व्हॉल्व्ह शेवटचे कधी साफ केले, आणि त्यानंतर त्यात कुठली हवा भरली? तुमच्या हवेची तेलासाठी तपासणी कधी झाली? यातल्या एकाचंही उत्तर धड मिळालं नाही, तर साधी हवा घ्या आणि डाइव्हचा वेळ कमी करा. विदा पुन्हा गोळा करता येते.

परत घेताना विश्लेषक आधी साध्या हवेवर २०.९ ला लावून घ्या, गॅसचा प्रवाह हलका आणि एकसारखा ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या. मग टक्केवारी, त्यावरून येणारी कमाल खोली, तारीख आणि तुमची आद्याक्षरं टाकीवर स्वतः लिहा. दुसऱ्यानं मोजलेल्या टाकीवर आपली सही नाही.

आणि प्रबंधात असा एखादा निष्कर्ष उद्धृत करायची वेळ आली, तर पाठ्यपुस्तकातलं सुटसुटीत वाक्य घेऊ नका. मूळ इतिवृत्त काढा. निष्कर्षाची सगळी वाक्यं वाचा, फक्त पहिलं नको. त्यातलं क्रियापद कोणतं, ते कोणत्या कृतीबद्दल आहे, पुरावा कुणी आणला आणि कुणाच्या अनुभवाची मोजदादच झाली नाही, हे चार प्रश्न वहीत लिहा. उत्तरं लिहून झाली की मगच तुमचं वाक्य लिहा. ते मूळ वाक्यापेक्षा लांब झालं तरी हरकत नाही. मार्गदर्शक लांबीवरून बोलले तर त्यांना गळालेलं दुसरं वाक्य दाखवा.